आठवणी आधी जमिनीला बांधा: सस्कॅचेवानच्या वसाहतकरांचं लिखाण मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, सस्काटूनला राहतात. शेजारच्या युक्रेनी वंशाच्या आजींनी त्यांना आपल्या वडिलांनी लिहिलेल्या आठवणींची 46 टंकलिखित पानं दिली आहेत. 1960 च्या दशकात इंग्रजीत लिहिलेली. कुटुंब 1905 मध्ये पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून येऊन रोस्थर्न गावाच्या पूर्वेला, फिश क्रीकच्या बाजूला स्थायिक झालं. पानांत लिहिलंय की ते हॅलिफॅक्स बंदरात पिअर 21 या धक्क्यावर उतरले, लेखकाच्या वडिलांना सेक्शन 11 मध्ये 160 एकर फुकट मिळाले, पहिल्याच उन्हाळ्यात बैलजोडीवर 40 एकर पड मोडून मार्क्विस गहू पेरला आणि त्या हिवाळ्यात पारा उणे 60 वर उतरला. हे किती खरं मानायचं, कसं तपासायचं आणि मराठीत आणताना काय करायचं?

या पाचही विधानांत काही ना काही चुकलेलं आहे, आणि तरीही आठवणी अस्सल असण्याची शक्यता मोठी आहे. साठ वर्षांनंतर लिहिणारा माणूस आकडे, नावं आणि क्रम चुकतो. ओल्या मातीचा वास, बैलाचं नाव, आईने पाव कशात भाजला, हे तो सहसा चुकत नाही. म्हणून चूक सापडली की पान बाजूला टाकू नका. चूक कुठून आली ते शोधा, कारण बहुतेक वेळा तिच्यामागे दुसरीच खरी घटना असते.

सुरुवात माणसाच्या नावापासून करू नका. जमिनीच्या नंबरापासून करा. आपल्याकडे गट नंबर हातात असला की सातबारा निघतो आणि सातबाऱ्यावरून बाकीचं उलगडतं, तसंच इथे आहे. नाव तर दगा देतंच. युक्रेनी आडनाव जर्मन कारकुनाने बंदरावर एका तऱ्हेने लिहिलं, जमीन कचेरीतल्या इंग्रजाने दुसऱ्या तऱ्हेने, शाळेतल्या मास्तरने तिसऱ्या. ‘व’साठी कुठे डब्ल्यू, कुठे व्ही, ‘ह’च्या जागी जी, शेवटी ‘स्की’ किंवा ‘स्काय’. जमिनीचा नंबर मात्र सगळीकडे एकच राहतो.

प्रेअरीची, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या गवताळ प्रदेशाची, मोजणी कशी झाली हे नीट समजून घ्या, ते एकदा कळलं की अर्धं काम झालं. जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत पाडली, तो चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात 36 सेक्शन, प्रत्येक एक मैल बाय एक मैल, म्हणजे 640 एकर. सेक्शनचे चार भाग केले की 160 एकरांचा क्वार्टर, हेच होमस्टेडचं, म्हणजे वसाहतकराला सरकारकडून अटींवर मिळणाऱ्या जमिनीचं, माप. समजा नंबर ‘एसडब्ल्यू 14-41-1 डब्ल्यू 3’ आहे (हा केवळ उदाहरणाचा आहे). तो उजवीकडून वाचा: तिसऱ्या मेरिडियनच्या, म्हणजे 106 अंश पश्चिम रेखांशाच्या, पश्चिमेची पहिली रेंज, म्हणजे टाउनशिपची उभी रांग, अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजलेली 41वी टाउनशिप, तिच्यातला 14वा सेक्शन, त्याचा नैऋत्य चतकोर. सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यात 1 पासून सुरू होतात, पश्चिमेला 6 पर्यंत जातात, मग वरच्या ओळीत 7 पासून पूर्वेला परत येतात, आणि असं नांगर वळवल्यासारखं वळत ईशान्य कोपऱ्यात 36 ला थांबतात. बारा आणि तेरा शेजारी का, हे न कळल्याने ‘शेजारचा सेक्शन’ चुकीचा धरणारे पुष्कळ.

तुमच्या भागात आणखी एक खाचखळगा आहे. दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या काठी बतोश, सेंट लॉरेंट या बाजूला मेती (मूलनिवासी आणि युरोपीय मिश्र वंशाच्या) लोकांच्या वस्तीमुळे काही जमीन चौकोनांत न पाडता नदीपासून आत जाणाऱ्या लांब चिंचोळ्या पट्ट्यांत मोजली गेली. त्यामुळे पानांत ‘लॉट’ असा शब्द असेल तर तो शहरातला प्लॉट नव्हे, नदीकाठचा पट्टा असू शकतो.

आता सेक्शन 11 बघू. 1872 च्या डोमिनियन लँड्स अॅक्टनुसार होमस्टेडसाठी समसंख्येचे सेक्शन खुले होते. विषम सेक्शन मुख्यतः रेल्वे कंपन्यांना द्यायच्या जमिनीसाठी राखलेले. 11 आणि 29 हे दोन शाळांसाठी राखीव. ते लिलावाने विकले जात आणि पैसे शिक्षणासाठी जात. सेक्शन 8 आणि 26 चा बहुतेक भाग हडसन्स बे कंपनी या जुन्या फर-व्यापारी कंपनीकडे. 1908 च्या कायद्याने उरलेले विषम सेक्शन बऱ्याच भागांत खुले झाले, पण शाळेची जमीन राखीवच राहिली. म्हणजे 1905 मध्ये सेक्शन 11 वर फुकट होमस्टेड मिळणं शक्य नव्हतं. मग लेखकाने 11 का लिहिलं? बहुधा मूळ होमस्टेड शेजारच्या 2, 10, 12 किंवा 14 मध्ये असेल आणि शाळेचा तुकडा कुटुंबाने पुढे लिलावात विकत घेतला असेल. साठ वर्षांनी दोन्ही जमिनी ‘आमचं शेत’ म्हणून एकच झाल्या. तसं निघालं तर कुटुंबाची भरभराट कधी सुरू झाली, याचा पुरावाच हाती येतो.

नंबर काढण्यासाठी प्रॉव्हिन्शियल आर्काइव्ह्ज ऑफ सस्कॅचेवानचा होमस्टेड इंडेक्स वापरा. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाच्या पश्चिमेकडील जमीनवाटपाच्या यादीत 1870 ते 1930 मधले लोक आहेत, पण फक्त पेटंट, म्हणजे मालकीचा अंतिम कागद, मिळालेले. ज्यांनी अर्ज केला आणि सोडून दिला ते त्यात नाहीत. सस्कॅचेवानच्या इंडेक्समध्ये दोघेही सापडतात. फक्त पहिली यादी पाहून ‘हा माणूस इथे नव्हताच’ असा निष्कर्ष काढणं ही या कामातली सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे.

इंडेक्समधून नंबर मिळाला की फाइल मागवा. एंट्रीचा, म्हणजे जमीन पहिल्यांदा मागण्याचा, अर्ज एका पानाचा असतो, त्यात फारसं काही नाही. खरा ऐवज पेटंटच्या अर्जात आहे: घर केव्हा बांधलं, किती लांब-रुंद, किंमत किती, कोणत्या वर्षी किती महिने तिथे राहिले, कोणत्या वर्षी किती एकर मोडले आणि किती पेरले, किती गुरं, किती घोडे, किती कुंपण. शिवाय दोन शेजाऱ्यांचे शपथेवरचे जबाब. पेटंटसाठी ब्रिटिश प्रजाजन असणं आवश्यक होतं, म्हणून परदेशी माणसाच्या फाइलमध्ये नागरिकत्वाची नोंदही येते. आठवणींची पानं एका हाताला आणि हा अर्ज दुसऱ्या हाताला ठेवून वर्षवार तक्ता करा. तीन रकाने पुरतात: आठवण काय म्हणते, फाइल काय म्हणते, फरक का असावा.

फाइलही गंगाजल समजू नका. अर्जदाराला तीन वर्षं, दरवर्षी किमान सहा महिने जमिनीवर राहिल्याचं दाखवायचं होतं आणि ठरावीक क्षेत्र, बहुतेकदा 30 एकर, मोडून दाखवायचं होतं. त्यामुळे महिने थोडे ताणून सांगण्याची गरज अर्जदारालाही होती आणि त्याच्या शेजाऱ्यालाही, कारण पुढच्या महिन्यात हाच शेजाऱ्याचा साक्षीदार होणार असे. पुरुष रेल्वेच्या कामावर किंवा मळणीच्या टोळीत गेलेला आणि बायको-मुलं मातीच्या घरात राहून ‘रहिवास’ टिकवत आहेत, असा प्रकार फार होता. मुलाने लिहिलेल्या आठवणींत ‘बाबा नव्हते’ आणि फाइलमध्ये ‘सतत रहिवास’ असं दिसलं तर मी मुलावर विश्वास ठेवेन.

फुकट जमिनीचंही तसंच. 10 डॉलर ही नुसती नोंदणी फी. बैलजोडी, नांगर, गाडी, दारं-खिडक्या, बियाणं आणि पहिल्या पिकापर्यंतचं पीठ-मीठ यांचा खर्च शेकडो डॉलरवर जाई. अनुवादात ‘फुकट’ हा मूळ शब्द ठेवा, पण तळटीपेत हे सांगा. आणखी एक गोष्ट तळटीपेत हवी: विधवा किंवा एकट्या कुटुंबप्रमुख असल्याशिवाय बायकांना स्वतःच्या नावाने होमस्टेड मिळत नसे.

40 एकरांचा हिशेब कागदावर करता येतो. पड मोडायच्या नांगराचा तास सुमारे 12 इंच रुंद. एक एकर मोडायला माणसाला नांगरामागे सव्वाआठ मैल, म्हणजे 13 किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. बैलजोडीला तो पूर्ण दिवस, जमीन मोकळी असेल तर. फिश क्रीकच्या बाजूला विलो आणि पॉपलरची झुडपं होती, ती आधी मुळांसकट काढायची. पड मोडायचा चांगला काळ जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, गवत वाढीत असताना; उशीर झाला की ढेकळं कुजत नाहीत. तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात 5 ते 10 एकर हा विश्वासार्ह आकडा, 40 हा तीन-चार वर्षांचा एकूण. फाइल बहुधा हेच सांगेल. ताज्या मोडलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी गहू क्वचितच. ढेकळांखाली बटाटे, नाहीतर ओट किंवा जवस.

मार्क्विस गहू 1905 मध्ये असणं शक्यच नाही. चार्ल्स सॉन्डर्स यांनी ओटावाला निवडलेलं हे वाण शेतकऱ्यांपर्यंत 1909 च्या सुमारास पोचू लागलं. त्याआधी प्रेअरीवर रेड फाइफ होता. मार्क्विस त्याच्याहून साधारण आठवडाभर आधी पिके, आणि सप्टेंबरच्या कडाक्यापुढे तो आठवडा म्हणजे पीक असणं आणि नसणं. मराठी वाचकाला सांगण्याजोगं असं की मार्क्विसच्या आईबापांपैकी एक हार्ड रेड कलकत्ता हे भारतातून गेलेलं वाण होतं. लेखकाची चूक सरळ आहे: ज्या गव्हाने घर वर आणलं तोच त्याला पहिला गहू वाटला.

पिअर 21 उघडला 1928 मध्ये. 1905 ला तिथे कोणी उतरलं नाही. त्या काळात हॅलिफॅक्सला उतरणारे पिअर 2 वर उतरत. पुढे पिअर 21 इतका प्रसिद्ध झाला की जुन्या सगळ्या आठवणी त्याच्या नावावर जमा झाल्या. बंदर मात्र महिन्यावरून तपासता येतं. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठत असे, म्हणून डिसेंबर ते एप्रिल जहाजं हॅलिफॅक्स किंवा सेंट जॉनला लागत आणि उन्हाळ्यात क्यूबेकला. लेखक ‘बर्फात उतरलो’ म्हणत असेल तर हॅलिफॅक्स पटतं. ‘जूनमध्ये हॅलिफॅक्स’ असेल तर क्यूबेकची प्रवासी यादीही बघा. यादीत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘युक्रेनी’ शोधू नका. गॅलिशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं, त्यामुळे ऑस्ट्रियन, गॅलिशियन, रुथेनियन असं काहीही असेल. आणि ‘बंदरावरच्या साहेबाने नाव बदललं’ ही प्रत्येक कुटुंबातली कथा जपून घ्या. बंदरावरचा अधिकारी जहाजावर आधीच तयार झालेली यादी वाचून खुणा करत असे. नाव बदललं ते बहुतेकदा नंतर, शाळेत, रेल्वेच्या पगारपत्रकावर, जमीन कचेरीत.

त्यानंतर 1906 ची प्रेअरी प्रांतांची जनगणना बघा. तिच्यात कॅनडात आल्याचं वर्ष आहे, गुरं-घोड्यांची संख्या आहे, आणि जमिनीचा ठावठिकाणाही आहे. 1905 ला आलेलं कुटुंब सापडण्यासाठी याहून चांगला कागद नाही. पुढे 1911, 1916, 1921, 1926 आणि 1931 च्या जनगणनाही आता खुल्या आहेत. तीन जनगणनांत तीन वेगळी आगमनवर्षं दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा बाप एका वर्षी आला, बायको-मुलं दुसऱ्या वर्षी, आणि जनगणनेच्या माणसाला दारात जो भेटला त्याने आपलं वर्ष सांगितलं.

पारा उणे 60: लिखाण 1960 च्या दशकातलं, म्हणजे अंश फॅरनहाइट. कॅनडात हवामानखातं सेल्सिअसवर आलं 1975 मध्ये. उणे 60 फॅरनहाइट म्हणजे उणे 51 सेल्सिअस. प्रिन्स अल्बर्टला 1 फेब्रुवारी 1893 रोजी उणे 56.7 सेल्सिअस नोंदलं आहे, म्हणजे तशी थंडी अशक्य नाही. पण पारा स्वतः उणे 39 सेल्सिअसच्या जवळ गोठतो. पाऱ्याच्या थर्मामीटरवर उणे 60 वाचताच येत नाही, त्याला अल्कोहोलचा थर्मामीटर लागतो, आणि नव्या वसाहतकराच्या घरी तो असण्याचा संभव कमी. तरी 1906-07 चा हिवाळा प्रेअरीवर खरोखरच भयंकर होता, गुरं मेली, रेल्वे अडकल्या. तेव्हा ‘त्या हिवाळ्यात’ म्हणजे पहिला की दुसरा, हे ताडून बघा. मोठी आपत्ती आजूबाजूच्या वर्षांना स्वतःकडे ओढून घेते. रिजायना शहरातलं 30 जून 1912 चं चक्रीवादळ असंच. त्याच्या मागच्या-पुढच्या दोन वर्षांत घडलेलं सगळं लोक ‘वादळाच्या वर्षी’ घडलं असं सांगतात.

सणावरून दिलेल्या तारखा वेगळ्या हाताळा. युक्रेनी चर्च जुलियन पंचांग पाळे, आणि विसाव्या शतकात ते 13 दिवस मागे होतं. ‘पीटर आणि पॉलच्या सणाला घर पूर्ण झालं’ म्हणजे 29 जून नव्हे, 12 जुलै. ख्रिसमस 7 जानेवारीला.

काही वाक्यं अशी आहेत की ती प्रत्येक वसाहतकराच्या आठवणींत येतात. बाहेर एक दिवस पाऊस, घरात दोन दिवस. हिमवादळात गोठ्यापर्यंत जायला दोरी. खिडकीला नाक लावून उभा राहिलेला मूलनिवासी, आणि आईने त्याला दिलेला पाव. मातीच्या ढेकळांचं छप्पर पाऊस थांबल्यावरही ठिबकतं, दोरी खरोखर बांधत. पण ही वाक्यं शेजाऱ्यांच्या गप्पांतून, 1955 आणि 1980 च्या प्रांताच्या वर्धापनांच्या वेळी निघालेल्या गावोगावच्या इतिहास-पुस्तकांतून एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे गेलेली असू शकतात. ओळखायची खूण एकच: त्या वाक्याला लागून स्वतःचा तपशील आहे का? ‘ठिबकायला लागलं की आई पिठाचं पिंप माझ्या पलंगाखाली सरकवायची’ हे त्या घरचं आहे.

या गाव-इतिहासांबद्दल एक इशारा. त्यांत टिकून राहिलेली घराणी असतात. होमस्टेड सोडून गेलेल्यांची संख्या प्रेअरीवर फार मोठी होती, आणि त्यांच्यासाठी लिहायला गावात कोणी उरलं नाही.

काय लिहिलेलं नाही, याकडे मी सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. पहिली गाळलेली जागा 1914 ते 1920 ची असेल. ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून युक्रेनी लोक ‘शत्रू परकीय’ ठरले. हजारोंना पोलिसांकडे हजेरी लावावी लागली, 8,579 माणसं छावण्यांत डांबली गेली, त्यांत बहुसंख्य युक्रेनी. शत्रुदेशात जन्मलेले आणि 31 मार्च 1902 नंतर नागरिक झालेले यांचा मताधिकार 1917 च्या कायद्याने गेला. 1905 ला आलेलं कुटुंब नेमकं त्यातच मोडतं. वडिलांनी 1913 वरून एकदम 1921 वर उडी मारली असेल तर आजींना हळुवारपणे विचारा. न बोलण्याची सवय कुटुंबांनी पुढच्या पिढीलाही दिली आहे.

दुसरी गाळलेली जागा जमिनीची आहे. ‘कोणीच नव्हतं, नुसतं गवत’ हे वाक्य येईलच. तो प्रदेश मूलनिवासी आणि सरकार यांच्यातल्या 1876 च्या सहाव्या तहाचा. 24 एप्रिल 1885 ला फिश क्रीकला आणि मे महिन्यात बतोशला मेती आणि कॅनडाचं सैन्य यांच्यात लढाया झाल्या, या कुटुंबाच्या आगमनाच्या फक्त वीस वर्षं आधी. बतोशजवळ वन ऍरो हा क्री लोकांचा राखीव प्रदेश तेव्हाही होता, आजही आहे. लेखकाचं वाक्य बदलू नका, पण टीप द्या.

आता भाषेकडे. मूळ मजकुरातला ‘इंडियन’ मराठीत तसाच ठेवलात तर वाचक भारतीय समजेल. क्री, सोटो, डकोटा, मेती असं नेमकं लिहा. नेमकं कळत नसेल तर मूलनिवासी. ब्रिटिश कोलंबियातल्या आठवणी कधी हाताशी घेतल्यात तर उलटा सापळा भेटेल: तिथे ‘हिंदू’ म्हणजे बहुधा पंजाबातले शीख.

प्रेअरीला ‘माळरान’ म्हणण्याचा मोह आवरा. आपला माळ म्हणजे मुरमाड, उथळ, खुरटं गवत. रोस्थर्नच्या बाजूची माती काळी आणि खोल आहे; ‘प्रेअरी’ किंवा ‘गवताळ प्रदेश’ बरं. ‘ब्रेकिंग’साठी ‘पड मोडणे’ चपखल बसतं. आगीसाठी ‘वणवा’ आणि घराभोवती नांगरून ठेवलेल्या पट्ट्यासाठी वनखात्याचा ‘जाळरेषा’ हा शब्द चालेल. ‘स्टूक’ला गंजी किंवा सुडी म्हणू नका, ती साठवण असते. स्टूक म्हणजे आठ-दहा पेंढ्या कणसं वर करून, एकमेकींना टेकवून शेतातच सुकायला उभ्या करणं; पहिल्यांदा असं उलगडून लिहा, मग ‘स्टूक’. एकर आपल्या वाचकाला कळतो, 40 गुंठे. बुशेल कळत नाही: गव्हाचा बुशेल 60 पौंड, सुमारे 27 किलो, कॅनडात ओटचा 34 पौंड. गॅलन ब्रिटिश, साडेचार लिटरचा, अमेरिकन नव्हे.

लेखकाची चूक मजकुरात दुरुस्त करू नका. ‘पिअर 21’ तसंच ठेवा आणि तळाला एक ओळ द्या. आजींकडून आणि बाकीच्या वारसांकडून अनुवादाची लेखी परवानगी आधीच घ्या. पूर्वी न छापलेल्या मजकुराचे हक्क ‘लेखक जाऊन इतकी वर्षं झाली’ एवढ्या हिशेबाने संपत नाहीत. मूळ पानांना चिकटपट्टी, लॅमिनेशन काही नको. 400 डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही, कारण तिथे पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

आजींना विचारायच्या गोष्टींत तीन आधी घ्या: जमिनीचा कर भरल्याची जुनी पावती आहे का (तिच्यावर नंबर असतो), शाळेचं नाव काय होतं, आणि टपाल कोणत्या पोस्टातून यायचं. अनेक गावांची नावं म्हणजे पोस्टाची नावं होती आणि पोस्ट बंद पडल्यावर ती नकाशावरून गेली. नंबर सापडला की उन्हाळ्यात जमीन बघून या, पण सध्याच्या मालकाची परवानगी आधी घेऊन. सस्कॅचेवानमध्ये 2022 पासून ती कायद्यानेच आवश्यक आहे. घर गेलेलं असेल. कॅरगाना या झुडपाचं कुंपण, लायलॅकचं झुडूप किंवा रुबार्बचं बेट सरळ रेषेत उगवलेलं दिसलं, तर त्याच्या आतल्या बाजूला तळघराचा खोलगट खड्डा शोधा, आणि त्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून फाइलमधल्या घराच्या मापाशी ताडून बघा.